नाण्याएवढा डाग

माझ्या वहिनी गोल्फ खेळतात हे मला पहिल्यांदा क्लबच्या कोचने सांगितलं, तेही तक्रारीच्या सुरात. मी त्याच क्लबात स्टिक दुरुस्त करतो, वहिनी तिथल्या लाँड्रीत चादरी-टॉवेल धुतात, राहतो आम्ही एका घरात, आणि मला पत्ता नाही. आठ वर्षांपूर्वी त्यांनी माझ्याकडून भंगारातली एक सात नंबरची स्टिक मागून नेली होती. माळ्यावरचे डबे ओढायला हवी, म्हणाल्या होत्या. आता माझ्या मनात पाल चुकचुकली.

मी संशयी आहे, हे मी नाकारत नाही. दूध घेताना मापात डोकावतो, एका डॉक्टरने दिलेली गोळी दुसऱ्याला दाखवून मगच गिळतो. क्लबात मला सगळे 'भिंग' म्हणतात.

दुपारी दोन ते तीन सरावाची जागा रिकामी असते. एके दिवशी मी झाडाआड उभा राहून पाहिलं. वहिनींनी स्टिक सरळ डोक्यावर नेली, ओली चादर दोरीवर टाकताना नेतात तशी. मग पाठीमागून एक गिरकी देऊन खाली आणली. गुडघे वाकले, उजवा पाय फरपटत पुढे आला. बघवत नव्हतं. चेंडू मात्र शंभर मीटरवरच्या पिवळ्या झेंड्यापाशी पडला. त्यानंतरचाही तिथेच. मी पंधरा मोजले. एक चुकला, तोही ऐन वेळी शिंक आली म्हणून.

इथे कुठेतरी पाणी मुरतंय, असं मला वाटलं. कोचला तर खात्रीच होती. महिनाअखेरीस लाँड्री बंद होऊन धुणं बाहेर जाणार होतं आणि वहिनींची नोकरी जाणार होती. नवशिक्या बायकांना शिकवायला कोचच्या हाताखाली एक जागा निघाली होती, तिथे वहिनींनी अर्ज टाकला होता. मॅनेजर शुक्रवारी ठरवणार होते.

"असल्या स्विंगने चेंडू सरळ जात नसतो," कोच मला म्हणाला. "जातोय म्हणजे स्टिकमध्ये काहीतरी भरलंय. कुणी भरलं, ते मी सांगायला नको."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जन्मभर मी दुसऱ्यांवर संशय घेतला. आपल्यावर घेतला की किती लागतं ते तेव्हा कळलं. पण राग ओसरला तसं वाटायला लागलं, खरंच भरलं असेल तर? मी नाही, दुसऱ्या कुणी?

मंगळवारी वहिनी स्टिक घेऊन क्लबातल्या माझ्या दुरुस्तीच्या खोलीत आल्या.

"भावोजी, ग्रिप बदलून द्या. हात घसरतो."

ग्रिप मला चांगली दिसली. म्हणजे संशयाला आणखी एक कारण. त्या गेल्या तशी मी कडी लावली, स्टिक शेगड्याच्या पकडीत आवळली आणि ग्रिप कापून काढली. आत शिशाची पट्टी नाही. पोकळ नळीत बॅटरी मारली, तर चिमूटभर गंज. वजन केलं, ते बरोबर. काटाच बिघडला असेल म्हणून दुसऱ्या काट्यावर केलं. तेही बरोबर.

शेवटी स्टिकच्या डोक्याची सपाट बाजू, जिथे चेंडू बसतो ती, फडक्याने पुसली आणि माझा हात थांबला. मधोमध नाण्याएवढा एक डाग होता. मुलामा तेवढ्याच जागी झिजला होता, बाकी सगळा शाबूत. वीस वर्षांत मी असा डाग दोनदा पाहिलाय. आठ वर्षं जवळजवळ प्रत्येक चेंडू एकाच जागी बसला, तरच तो पडतो.

कोचची स्टिकही दुरुस्तीला आलेली होती. त्याचा स्विंग चित्रात काढावा असा. स्टिकवरची झीज मात्र टोकापासून मानेपर्यंत पसरलेली. वर हात कसेही फिरोत, चेंडूला त्याचं काय? स्टिक येऊन लागते तेवढंच त्याला कळतं. हे मला इतक्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं, आणि घरच्या माणसाची स्टिक कडी लावून उघडल्याची मला लाज वाटली.

कोचच्या तक्रारीवरून शुक्रवारी मॅनेजरनी मला बोलावलं. मी दोन्ही स्टिक टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. "आत काही नाही," म्हटलं.

"तुम्ही पाहिलंत?"

"मी पाहिलं."

ते हसले. "मग विषय संपला."

जागा वहिनींना मिळाली. त्या संध्याकाळी जेवताना त्या म्हणाल्या, "भावोजी, नळीत बॅटरी मारली होतीत ना?"

"मारली."

"वजन?"

"दोनदा केलं."

"ग्रिप चांगली होती हो. पण तुम्हाला सापडलं नाही म्हणजे नाहीच, हे अख्ख्या क्लबाला ठाऊक आहे. म्हणून दिली."

"पण खेळता, हे मला आधी सांगायचं होतंत," मी म्हणालो.

"हे गेले त्या वर्षी खेळायला लागले. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही विचारलं असतंत, कशासाठी."

"विचारलं असतं," मी कबूल केलं.

"मला उत्तर येत नव्हतं," वहिनी म्हणाल्या. "चेंडू लांब गेला की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं."

हे मात्र मी तपासायला गेलो नाही.