भाकरीचं बोलावणं

विचुंब्यात हळदीच्या घरी भाकऱ्या भाजायला बायकांना घरोघर जाऊन बोलवावं लागतं. पत्रिका दिलेली असली तरी ती जेवणाची; भाकरीचं बोलावणं वेगळं. घरातली कर्ती बाई आदल्या संध्याकाळी दारात येते, "उद्या भाकऱ्यांना या गो" म्हणते, घटकाभर टेकते आणि पुढच्या घरी जाते. न बोलावता कोणी जात नाही. बोलावल्यावर मात्र अंगात कणकण असली तरी कोणी घरी राहत नाही.

शशिकला म्हात्रेने भाकऱ्यांचा धंदा काढला तेव्हा हीच रीत धंद्यात आली. तिने आणली असं नाही, दुसरी रीत तिला ठाऊकच नव्हती. शेत इमारतींखाली गेल्यावर आलेल्या पैशांतून नवऱ्याने, तुळशीरामने, ट्रेलर घेतला होता. न्हावा शेव्याहून माल भरला की तो आठवडा-आठवडा घरी नसे. मुलगा प्रितम लग्नानंतर खांदा कॉलनीत फ्लॅटवर राहायला गेला. रिकाम्या घरात एकटीने करायचं काय, म्हणून नवीन पनवेलच्या एका केटररला ती तांदळाच्या भाकऱ्या देऊ लागली. मागणी वाढली तशी परसात पत्र्याची शेड घातली आणि गावातल्या दहाबारा बायका रोजावर येऊ लागल्या. रोज ठरलेला होता, वेळ ठरलेली होती. तरी शशिकला दर संध्याकाळी निघायची आणि दुसऱ्या दिवसासाठी प्रत्येकीला बोलावून यायची.

या फेरीत तिची सगळी संध्याकाळ जायची. शकूच्या घरी ती सरळ स्वयंपाकघरात शिरून पाटावर बसे. शकू तिच्या हातात लसूण सोलायला देई. भामावहिनींकडे सुनेच्या तक्रारी ऐकायच्या, आणि सून चहा घेऊन आली की दोघींनी गप्प बसायचं. कुणाचा नवरा पिऊन आला, कुणाच्या पोरीला बघायला येणार आहेत, कुणाच्या घरी आज कालवणच केलं नाही, हे तिला त्या त्या चुलीपाशीच कळे. दिवसभरात तिचं कोणाशी बोलणं व्हायचं ते तेवढंच. हे तिच्या तेव्हा लक्षात येत नव्हतं. आपले गुडघे दुखतात एवढंच लक्षात येत होतं.

दुसरं असं की ती फेरीवर असताना घरचा फोन वाजत राही. मोठ्या ऑर्डरी नेमक्या संध्याकाळी येत. गव्हाण-उलव्याकडचे लोक लग्नाच्या जेवणासाठी फोन करत, कोणी उचलला नाही की दुसरीकडे विचारत. तशी दोन-तीन कामं हातची गेल्यावर प्रितमने तिला जुन्या पनवेलातल्या एका शिबिरात घातलं. छोटा धंदा करणाऱ्या बायकांसाठी होतं ते. शिकवणारी बाई चांगली होती, समजावून सांगायची. सगळं स्वतःच करत राहिलात तर धंदा तुमच्याएवढाच राहील, कामं वाटून द्यायला शिका, असं ती म्हणाली. शशिकलाला ते पटलं. ते खरंही होतं.

भामावहिनींची सून कोमल बारावी झालेली होती. शशिकलाने तिला एक मोबाइल घेऊन दिला आणि बायकांना बोलवायचं काम तिच्याकडे सोपवलं. संध्याकाळी पाचनंतर कोमल एकेकीला फोन लावी, "उद्या सात वाजता, शशीकाकींनी सांगितलंय" म्हणे आणि ठेवून देई. अर्ध्या तासात सगळ्यांना निरोप जाई. शशिकला खुर्चीत बसून केटररांचे फोन घेऊ लागली. धंदा वाढला. गुडघ्यांनाही बरं वाटू लागलं.

पहिला महिना बरा गेला. मग बायका उशिरा येऊ लागल्या. एकीच्या घरी पाहुणे, एकीचा दात दुखतोय. शेडमधली गाणी बंद झाली, हेही शशिकलाला जाणवलं होतं. काम वाढलंय, दमत असतील, असा तिने अर्थ काढला आणि दुपारचा चहा सुरू केला. चहा सगळ्यांनी घेतला. उशीर तसाच राहिला.

त्या वर्षीच्या वैशाखात गव्हाणच्या एका मोठ्या घरची हळद होती. हजारभर भाकऱ्या संध्याकाळी पोचवायच्या होत्या. सकाळी कोमल एकटी आली. उकडीचं पाणी चुलीवर खळखळत होतं. साडेआठ वाजले तरी शेडच्या दारात कोणी नाही. कोमल रडायलाच लागली. म्हणाली, "मी सगळ्यांना केला होता हो काकी, एकूणएक जणीला केला होता फोन."

शशिकलाने पाण्याखालची लाकडं ओढली आणि चपला घातल्या. तिला राग आला होता. रोज वेळेवर मिळतो, सणाला साडी मिळते, आता आणखी काय पाहिजे यांना? शकूच्या घरी पोचेपर्यंत तिने बोलायचं सगळं मनात जुळवलं होतं.

शकू ओटीवर सुकट निवडत बसली होती. तिने मान वर केली, "ये" म्हटलं नाही.

"कोमलचा फोन नाय आयला?"

"आयला ना."

"मग?"

"मग काय. आयला, आयकला."

शशिकलाला गव्हाणचं घर डोळ्यांसमोर दिसत होतं. जुळवलेलं सगळं बाजूला राहिलं आणि ती म्हणाली, "शकू, आज अडचन हाय माजी. रोजापेक्षा जास्ती देतं. बोल, किती देऊ?"

शकूचे हात थांबले. तिने सूप बाजूला ठेवलं.

"माज्या रियाच्या बारशाला तू दीस उगवाच्या आदी येऊन चुलीम्होरं बसलीस. तवा मी तुला इचारलं, किती घेशील?"

"ते येगलं, शकू."

"येगलंच हाय. रोज घेतो आमी, ते कामाचं. काम काय, कुटंबी भेटतं, कलंबोलीला बिस्किटाच्या कंपनीत जातील बाया. तू दारात येतेस म्हनून तुज्याकडं येवाचो. आता तुजी चाकरीन फोन करतं, आन तू आज दारात आलीस ती भाव कराला."

शशिकला उभीच होती. बसायला जागा होती, पण कोणी सांगितलं नव्हतं. आजवर या घरात तिला कोणी बस म्हणून सांगितलं नव्हतं. आज ते लागतंय, हे तिला कळलं.

तिने काही कबूल केलं नाही, माफीही मागितली नाही. "भाकऱ्यांना ये गो," एवढंच म्हणाली आणि पुढच्या घरी गेली. भामावहिनींनी तिला तोंडावर सुनावलं. "सांजची हळद, आन आता बोलावनं? नवरदेव घोड्यावर बसल्यावर यावाचंस." शशिकलाने ऐकून घेतलं आणि ती म्हणाली, "तुमी नाय आलाव तं कोन येल, वयनी?" प्रत्येक दारी ती तेवढीच थांबली. पैशांचा शब्द पुन्हा काढला नाही.

दहाच्या सुमाराला शकू आली. पदर खोचून तिने उकडीत हात घातला. तिच्यामागून बाकीच्या आल्या. भाकऱ्या गव्हाणला पोचल्या, थोड्या उशिरा, थोड्या कमी. त्या घरच्यांनी बोल लावला, तो शशिकलाने एकटीने ऐकला. शेडमध्ये येऊन काही सांगितलं नाही.

त्यानंतर तिने कामं पुन्हा वाटली. फोन घेणं आणि ऑर्डरी ठरवणं कोमलकडे दिलं. पोरीला ते छान जमलं, भाव करायला तर ती शशिकलापेक्षा पक्की निघाली. शेडमध्ये कोणी मळायचं, कोणी थापायचं, कोणी तव्यावर बसायचं, ते शकू ठरवू लागली. संध्याकाळची फेरी शशिकलाने स्वतःकडे ठेवली. शेडला दुसरी शेड लागली. विचुंब्याबाहेरूनही बायका येऊ लागल्या, त्यांच्याही दारी ती रिक्षाने जाई. शिबिराच्या बाईंनी तिला एकदा नव्या बायकांपुढे बोलायला बोलावलं. तिथे तिने हे सांगितलं, पण अर्धंच.

उरलेलं अर्धं असं होतं की बायका परत आल्या, तरी तिचा पाट परत आला नाही. ती दारात दिसली की आता खुर्ची पुढे येते. टीव्हीचा आवाज कमी होतो. चहा कपबशीतून येतो, बशीत बिस्किटं असतात. लसूण कोणी हातात देत नाही. भामावहिनी सुनेबद्दल बोलत नाहीत. सून तिच्याकडे कामाला, उगाच शब्द इकडचा तिकडे व्हायचा. "बरं चाललंय ना?" ती विचारते. "बरं हाय," त्या म्हणतात. फेरी पूर्वीच्या निम्म्या वेळात होते.

गेल्या माघात शकूच्या रियाची हळद झाली. शकू आणि तिचा नवरा जोडीने पत्रिका घेऊन आले, कुंकू लावलं, तुळशीराम नसला तरी त्याच्या नावाचा नारळ ठेवला. आदल्या संध्याकाळी शशिकलाने फेरी लवकर आटपली आणि ती घरी बसून राहिली. शकू गल्लीत आली होती. शेजारच्या घरी तिचा आवाज आला, मग पलीकडच्या घरी. मधल्या, शशिकलाच्या घराशी तिची पावलं थांबली नाहीत. शकूने अपमान केला नव्हता. मालकिणीला चुलीपुढे कसं बसवायचं, असंच तिला वाटलं असणार. तिच्या जागी आपणही हेच केलं असतं, हे शशिकलाला ठाऊक होतं.

हळदीला ती नव्या नऊवारीत गेली. तिला पुढच्या रांगेत बसवलं. घराच्या मागून भाकऱ्या थापल्याचा आवाज येत होता, आणि हसणं. कुणीतरी कुणाच्या तरी नवऱ्याची नक्कल करत होतं. कोणाच्या, ते तिला ओळखता आलं नाही.

या बायका आज रात्रीपर्यंत तव्यापाशी बसणार आणि उद्या सात वाजता पुन्हा आपल्या शेडमध्ये, हे तिच्या मनात आलं. उद्या नवीन पनवेलची ऑर्डर होती. तिने मांडवाच्या कडेला जाऊन केटररला फोन केला, उद्या जमणार नाही म्हणून सांगितलं. त्याने आवाज चढवला. पुढच्या कामात भाव कमी करून देईन, असं तिने कबूल केलं आणि ती घराच्या मागे गेली.

तिला पाहून दोघी-तिघी उठू लागल्या. पिठाने भरलेले हात त्यांनी अंगापासून लांब धरले होते.

"बसा गो," ती म्हणाली. "उद्या सुट्टी हाय. कोनी येऊ नका."

बायका खुश झाल्या. शकूने चुलीपुढून मागे वळून पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि "जेवलाव काय?" असं विचारलं. शशिकलाला ती पहिल्यांदा 'तुम्ही' म्हणाली होती.

"जेवतं," शशिकला म्हणाली.

ती जाईपर्यंत सगळ्या थांबून राहिल्या. चुलीपाशी एकीच्या बाजूला जागा होती, कोणीतरी पाणी प्यायला उठलं असेल. शशिकला तिकडे न बघता वळली आणि मांडवात येऊन खुर्चीवर बसली. मागे हसणं पुन्हा सुरू झालं, तेव्हा तिने ताट घेतलं.