चौकटीबाहेरची बायको

कमर्शियल आर्टचा डिप्लोमा झाल्यावर मला शनिवार पेठेतल्या एका दैनिकात पानं लावण्याचं काम मिळालं. तेव्हा पानं अजून हातानं लावत. चकचकीत कागदावर छापून आलेला मजकूर कटरनं कापायचा आणि मोठ्या तक्त्यावर चिकटवायचा. विभागात मी एकटीच बाई. येरवड्याहून बसनं यायची, आणि घरी पोचले तरी बोटांना चिकटवायच्या सोल्युशनचा वास असायचा.

रोज दुपारी एक उंच, खांद्यात थोडे वाकलेले गृहस्थ येत. माझ्या टेबलावर खाकी पाकीट ठेवत, "आलंय," म्हणत आणि जात. पाकिटात उद्याची चित्रपट्टी असे. तीन चौकटी, एक मध्यमवयीन नवरा, त्याची बायको, एक खोली, मागे स्वयंपाकघराचं दार. एवढ्याच ऐवजावर ते कितीतरी वर्षं रोज चित्र काढत होते.

आमच्या घरी पेपर आला की बाबा आधी ती पट्टी काढत आणि आईला मोठ्यानं वाचून दाखवत. आईला वाचता येत होतं, पण ही पट्टी तिला बाबांच्या तोंडूनच ऐकायची असे. गावात सगळीकडे टेलिफोन लागत होते त्या दिवसांतली एक पट्टी मला अजून आठवते. नवरा म्हणतो, "पुढच्या आठवड्यात आपल्याकडे फोन लागणार." दुसऱ्या चौकटीत दोघं गप्प. तिसरीत बायको म्हणते, "मग बोलायचं कुणाशी, तेही ठरवून ठेवा." आई दिवसभर ते वाक्य बाबांना ऐकवत होती.

मी त्या पट्टीची मूळ चित्रं हाताळायची, त्यामुळे छापून येताना जे हरवायचं ते मला दिसायचं. त्यांच्या टाकाची रेघ सुरुवातीला जाड असे आणि संपताना केसासारखी होई. बायकोचा पदर ते हात न उचलता एका रेघेत काढत. खोडलेलं, पांढऱ्या रंगानं झाकलेलं कुठे काही नाही. मधल्या चौकटीत कधीच कुणी बोलत नसे. मी एकदा धीर करून विचारलं, "सर, मधली चौकट नेहमी गप्प का?"

ते म्हणाले, "तिला विचार करायला वेळ लागतो. माझ्यासारखं लगेच तोंड उघडत नाही ती."

ते चित्रातल्या बायकोबद्दल बोलत होते की घरच्या, हे मला कळलं नाही. बहुधा त्या दोघींत फार अंतर नव्हतं.

एका उन्हाळ्यात त्यांची पत्नी गेली. छोट्या आजाराचं निमित्त झालं. दुसऱ्याच दिवशी ते नेहमीच्या वेळी पाकीट घेऊन आले. संपादक खोलीतून बाहेर येऊन म्हणाले, "आपण थोडे दिवस घरी थांबा. आम्ही जुन्या पट्ट्या छापू."

"जुन्या कशाला?" ते म्हणाले. "ताजी आणलीय."

त्या दिवसापासून चित्रातली बायको दिसेनाशी झाली. पहिले काही दिवस मला तो योगायोग वाटला. नवरा खुर्चीत बसलेला, पेपर वाचणारा, बूट घालणारा, आणि तिचं बोलणं संवादाच्या फुग्यातून येतंय. फुग्याची शेपटी स्वयंपाकघराच्या दाराकडे गेलेली. तिचा हातसुद्धा दिसत नसे. पण बोलणं तसंच होतं, उलट जास्त धारदार.

मग माझ्या लक्षात आलं की नवरा कुठेतरी बघतोय. ती दारात उभी असेल तर तिचे डोळे जिथे असतील, बरोबर तिथे. कधी ती खाली बसून भाजी निवडत असावी, तेव्हा त्याची नजर खाली असे. कधी ती त्याच्या मागून जात असावी, तेव्हा त्याची मान जराशी वळलेली. कोऱ्या कागदावर एक बाई खोलीभर वावरत होती.

मी एका सकाळी बाबांना विचारलं, "आजच्या चित्रात बायको कुठे आहे?"

"दारात उभी आहे. हातात पातेलं."

मी पेपर त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा लावला आणि बराच वेळ पाहिलं. "होती की गं," ते म्हणाले. आईनंही डोकावून पाहिलं. "मीही पाहिली होती," ती म्हणाली. बाबांनी चष्मा पुसून पुन्हा एकदा पाहिलं. मलाही ऑफिसला जाताना बसमध्ये कसंसंच वाटत राहिलं.

काही वर्षांत ऑफिसमध्ये कॉम्प्युटर आले. तक्ते, कटर, सोल्युशन सगळं माळ्यावर गेलं. पट्टी स्कॅनरवर ठेवायची आणि पडद्यावरच पानात बसवायची असं सुरू झालं. नवे व्यवस्थापक आले. त्यांनी सरांना बोलावून सांगितलं की पुरवणी रंगीत होणार आहे, वाचकांची मुलं आयटीत लागताहेत, तेव्हा चित्रातलं जोडपं जरा तरुण करा. "आणि बायको दाखवा हो. नुसतेच फुगे काय?"

"बघतो," सर म्हणाले.

बाहेर आल्यावर ते पहिल्यांदाच माझ्या टेबलाशी बसले. "जुन्या पट्ट्या आहेत का? तिच्या काळातल्या?"

मी काढून दिल्या. त्यांनी एकेक डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. टोकदार नाक, कपाळावर आलेली बट, कमरेवर ठेवलेला हात.

"ही नव्हे," ते म्हणाले. "ही मी काढलेली आहे. मला तिचा चेहरा हवाय. तो आता आठवत नाही."

"घरी फोटो असतील ना, सर?"

"आहेत. फोटो काढताना ती तोंड मिटून बसायची. गप्प बसलेली ती मला ओळखू येत नाही."

त्यांनी पट्ट्या नीट रचून परत दिल्या. रंगाचं प्रकरण मग लांबणीवर पडलं.

त्या पावसाळ्यात त्यांना ताप आला आणि पट्टी घरून आणायला मला पाठवलं. ते वारज्याला त्यांच्या जुन्याच इमारतीत आता एकटे राहत होते. आजूबाजूला बांधकामं चालली होती, खडी-सिमेंटच्या मिक्सरची घरघर वरपर्यंत येत होती. त्यांनी दार उघडलं, अंगावर शाल होती. "बसा. तिसरी चौकट राहिलीय."

त्यांचं टेबल भिंतीला तिरकं लावलं होतं. तिथे बसलं की समोर स्वयंपाकघराचं दार दिसे. पट्टीतलं दार ते हेच. मी ते शेकडो वेळा चिकटवलं होतं, तरी खरं समोर पाहिल्यावर पाठ ताठ झाली.

सर दाराकडे बघून सहज आवाजात म्हणाले, "अगं, ऑफिसातून आल्यात."

मग ते थांबले. मान जराशी कलती, टाक हातात. खालचा मिक्सर नेमका बंद झाला होता. त्या शांततेत मीही ऐकत होते, हे मला मागाहून कळलं. थोड्या वेळानं त्यांच्या तोंडाचा कोपरा हलला आणि त्यांनी फुग्यात भराभर लिहिलं.

"काय म्हणाल्या?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"म्हणाली, पाकीट न्यायला माणूस घरी येतो म्हणजे तुम्ही मोठे झालात, की आजारी पडलात?"

मी हसले, आणि हसता हसता दाराकडे पाहिलं. दारातून आतला ओटा दिसत होता. पुसलेला, कोरडा. एक कप उपडा ठेवलेला.

शाई वाळेपर्यंत ते बोलत होते. ती गेल्यावर पहिल्यांदा ते तिची उत्तरं स्वतः रचत. ती कशी बोलेल याचा विचार करत. नंतर रचावं लागेना. प्रश्न विचारून गप्प बसलं की पुरे.

"भीती नाही वाटत, सर?"

"वाटते ना. एखाद्या दिवशी उत्तर आलं नाही तर, याची."

दुसऱ्या दिवशी ती पट्टी छापून आली. बाबा खूप हसले. मी चहाचा कप घेऊन बाहेर जाऊन उभी राहिले.

ज्या दिवसाची त्यांना भीती होती तो पुढच्या वर्षी आला. त्यांचा फोन आला, "आज पट्टी नाही." दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच फोन. त्या जागी मोबाईलची जाहिरात जाऊ लागली. असे बरेच दिवस गेले, आणि एका दुपारी ते पाकीट घेऊन आले. "आलंय," म्हणाले, पण निघाले नाहीत. मी पाकीट उघडलं.

पहिल्या चौकटीत नवरा खुर्चीत बसून दाराकडे बघत विचारतोय, "अगं?" दुसरीत तो खुर्चीतून उठलाय, त्याचा हात अजून खुर्चीच्या पाठीवर आहे. तिसरीत खोलीत कुणीच नाही. रिकामी खुर्ची, उघडं दार. फुगाही नाही.

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"मी आत जाऊन बघितलं," ते म्हणाले.

"मग?"

"ओटा होता."

मी पुन्हा पट्टीकडे वळले. त्या पट्टीतली रेघ तशीच होती, सुरुवातीला जाड, शेवटी केसासारखी. उघड्या दाराच्या आत त्यांनी एकही रेघ मारली नव्हती. पण त्या पांढऱ्या जागेकडे फार वेळ बघवत नव्हतं.

पट्टी छापून आली त्या सकाळी आईनं विचारलं, "काय म्हणतेय आज?" बाबांनी पेपर घडी करून ठेवला आणि म्हणाले, "आज काही म्हणत नाहीये."

सरांनी त्यानंतर चित्र काढलं नाही. वाचकांनी फोन करून चौकशी केली, मग तेही थांबले. मी कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत पडद्यावरची चित्रं काढायला लागले.

एकदा वारज्याला काम निघालं तेव्हा त्यांच्याकडे गेले. तिरक्या टेबलाच्या जागी टीव्ही आला होता. ते खूप बारीक झाले होते. त्यांनी स्वतः चहा केला आणि आम्ही माझ्या नोकरीविषयी बोललो. निघताना मी म्हटलं, "सर, काढायला घ्या ना पुन्हा. हात तर चांगला आहे."

"हात आहे. कुणाकडे बघून काढू?" मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "तुम्ही त्या दिवशी इथे होतात. तुम्हाला काही ऐकू आलं होतं का?"

"त्या दिवशी नाही," मी म्हटलं. "पण तुमच्या पट्ट्या वाचताना आवाज यायचा. बारीक, जरा नाकातला. आणि वाक्याच्या शेवटी खाली उतरणारा."

ते बघतच राहिले. मी त्यांच्या पत्नीला कधी भेटले नव्हते, त्यांचा आवाज ऐकायचा तर प्रश्नच नव्हता.

"नाकातच बोलायची ती," ते म्हणाले. "हे मी कधी लिहिलं नव्हतं कुठे."

मग त्यांनी कपाटातून एक पट्टी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "वाचून दाखवता?"

मी वाचली. माझ्या नेहमीच्या आवाजात वाचायचं ठरवलं होतं. पहिलं वाक्य नवऱ्याचं होतं, ते तसं निघालं. मधल्या चौकटीपाशी मी थांबले. ते डोळे मिटून बसले होते, मान जराशी कलती. तिसरं वाक्य माझ्या तोंडून ज्या आवाजात आलं तो माझा नव्हता, आणि आणायचा म्हणून मी तो आणला नव्हता.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "हं," एवढंच म्हणाले. मी पट्टी टीव्हीशेजारी ठेवली आणि दार हळूच ओढून खाली आले.

त्या हिवाळ्यात ते गेले. बातमी पेपरात आतल्या पानावर, खाली कोपऱ्यात होती. मी ती घरी कुणाला वाचून दाखवली नाही.