खारूला शोधायला घेतलेले बूट

लिफ्टमिस्त्रीने आयुष्यभर लोकांना वर चढवलं नि खाली उतरवलं, पण स्वतःला दोन जिने चढायचे म्हटलं की त्याच्या कपाळाला आठ्या पडत. त्याला कारणही होतं. अकरा वर्षांपूर्वी कामावर असताना लिफ्टच्या खड्ड्यात त्याचा डावा घोटा चिरडला होता. डॉक्टरांनी आत धातूची पट्टी आणि सहा स्क्रू घालून तो कसाबसा जुळवला. "आमच्या घरात खरा पोलादी माणूस हाच," बायको म्हणायची, "फक्त घोट्यापुरता."

तोच माणूस आता डोंगरात जायला बूट हवेत म्हणून दुकानात उभा होता, आणि थट्टा करण्याचं त्राण घरात कुणालाच उरलं नव्हतं.

त्याची एकुलती एक मुलगी नेच्यांचा अभ्यास करायची. लहानपणी झाडावर सरसर चढायची म्हणून तो तिला खारू म्हणे. चोवीस वर्षांची झाली तरी नाव तेच राहिलं. एकोणीस दिवसांपूर्वी ती सकाळी डोंगरात गेली, ती परत आलीच नाही. शोधपथकाने आठ दिवस डोंगर पालथा घातला, कुत्री फिरवली आणि नवव्या दिवशी गाशा गुंडाळला. "काही कळलं तर फोन करू," एवढं सांगून माणसं गेली. तेव्हापासून बायको फोनपासून हलत नव्हती. अंघोळीला जाताना तो नवऱ्याच्या हातात असा द्यायची, जसं काही तान्हं मूल.

मिस्त्रीच्या डोक्यात मात्र एकच भुंगा होता. पथक फिरलं ते वाटांनी, आणि खारू वाटेने जाणारी पोरगी नव्हतीच. "बाबा, नेचे हवे असतील तर पाणी झिरपतं तिथं घुसायचं," ती जेवताना सांगायची. "ऊन पोचत नाही तिथं." म्हणजे ओढे. चिखल, शेवाळलेले दगड, कपारी.

तो कामावरचेच बूट घालून एकटा गेला आणि पहिल्याच उतारावर वीस-पंचवीस फूट घसरत खाली आला. तळहात सोलून निघाले. तिथल्या वनरक्षकाने त्याला बखोटीला धरून वर ओढलं.

"मिस्त्री, आता तुम्हालाही शोधायची वेळ आणू नका," तो म्हणाला. "आधी पायात धड काहीतरी घाला. मग मी येतो तुमच्याबरोबर. रजा टाकतो."

म्हणून हे दुकान. दुकानवाली चाळिशीतली, स्वतः डोंगर फिरणारी. तिने आधी घोट्याच्या वर जाणारे भारदस्त बूट काढले. मिस्त्रीने डावा पाय घातला, नाडी आवळली आणि ओठ चावला. बुटाची कड नेमकी स्क्रूच्या डोक्यावर दाबत होती.

"मोजा काढा बघू," बाई म्हणाली. घोट्यावरचा व्रण बघून तिने ते बूट बाजूला सारले. "हे नकोत. घोट्याच्या खाली संपणारे घ्या. पण आधीच सांगते, यात घोट्याला आधार कमी. काठी हवीच. आणि आत पाणी अडवणारं अस्तर आहे म्हणून ओढ्यात खुशाल उभे राहू नका. वरून शिरलं की हेच अस्तर ते आत कोंडून ठेवतं. जास्तीचे मोजे जवळ ठेवा."

मग तिने दोन जोड पालथे करून तळवे दाखवले. एकाच्या खाचा खोल नि दूर दूर होत्या. त्यात चिखल अडकून राहत नाही, पण रबर कडक. दुसऱ्याच्या खाचा जरा उथळ, पण रबर मऊ. ओल्या दगडाला तेच धरतं.

मिस्त्रीने दोन्ही तळव्यांवर अंगठा दाबून पाहिला. उभी हयात त्याने लिफ्टचे दोर आणि चाकाच्या खाचा तपासण्यात घातली होती. पकड कशाने सुटते, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

"चिखलात घसरलो तर बसेन," तो म्हणाला. "दगडावरून घसरलो तर संपलो. मऊ द्या."

दुकानात दगड बसवलेला छोटा उतार होता. बाईने त्याला त्यावरून खाली चालायला लावलं. अंगठा पुढे आपटला, तेव्हा एक माप मोठं दिलं.

"चार दिवस घरातल्या घरात वापरा. नवे बूट एकदम डोंगरावर नेले तर पाय सोलपटून काढतील."

"चार दिवस नाहीत माझ्याकडे."

"एवढी कसली घाई?"

"मुलगी आहे वर," मिस्त्री म्हणाला. "एकोणीस दिवस झाले."

बाईच्या हातातलं खोकं तसंच राहिलं. मग ती खाली बसली आणि तिने त्याच्या दोन्ही बुटांच्या नाड्या स्वतः बांधल्या. टाच हलू नये म्हणून वरच्या भोकात जादा वेढा घेतला आणि सोडून पुन्हा बांधून दाखवला.

दुसऱ्या दिवसापासून मिस्त्री आणि वनरक्षक ओढे धुंडाळू लागले. रोज एक ओढा, उगमापासून खालपर्यंत. पहिल्या दिवशी टाचांना फोड आले. तिसऱ्या दिवशी डावा पाय डबक्यात गुडघ्यापर्यंत गेला आणि बूट आतून पखालीसारखा भरला. मिस्त्री दगडावर बसून मोजे पिळत होता, पिळता पिळता रडायला लागला आणि रडता रडता दगडांनाच शिव्या द्यायला लागला. वनरक्षकाने थोडा वेळ पाठ फिरवली.

घरी दारातच बायको त्याच्या तोंडाकडे बघे. तो मान हलवी. ती फोनकडे परत जाई. एका संध्याकाळी तिने विचारलं, "अजून किती ओढे आहेत?"

"तीन."

"आणि ते संपल्यावर?"

तो वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागला. खरं तर खारू जिवंत असेल असं आता त्यालाही वाटत नव्हतं, पण ते तोंडून काढलं तर आपल्याच हाताने दोर कापल्यासारखं झालं असतं. रोज निघताना तो थर्मासमध्ये गरम दूध घेई. कुणासाठी, ते बायकोने विचारलं नाही.

सहाव्या दिवशी, सहाव्या ओढ्यात, एका ओल्या कड्यावर हिरव्यागार नेच्यांचा पडदा लोंबत होता. त्यातली काही पानं देठाशी नीट कापलेली. कात्रीने. "खारू!" त्याने हाक मारली. ओढ्याचा आवाज तेवढा आला.

कापलेल्या पानांच्या वरच दरड नुकतीच सुटल्याची खूण होती. ते दोघे दगडाला धरून धरून खाली उतरले. मिस्त्री पुढे होता. एका मोठ्या शिळेमागे, पडलेल्या माती-दगडांत त्याला निळं जाकीट दिसलं.

वनरक्षकाने त्याला अडवायला हात पुढे केला, पण मिस्त्री तोवर तिच्यापाशी पोचला होता. तो किंचाळला नाही. तिच्या हातावरची माती बोटांनी बाजूला करत राहिला, एकेक खडा उचलून, कामावर एखादा बारीक पुर्जा साफ करावा तसा.

"इथं फोन लागत नाही," वनरक्षक हळूच म्हणाला. "मी वर जाऊन माणसं बोलावतो. वहिनींना… तुम्ही सांगणार की मी सांगू?"

"तू सांग. मला जमणार नाही रे."

तासाभराने तो धापा टाकत परत आला. "दुपारपर्यंत माणसं पोचतील," तो म्हणाला.

"खारूची आई काय म्हणाली?" मिस्त्रीने विचारलं.

"म्हणाल्या, त्यांना सांगा, तिला एकटीला सोडून हलायचं नाही."

मिस्त्रीने मान डोलावली. अंगातला कोट काढून त्याने मुलीवर घातला, कडा नीट खोचल्या आणि तिच्या शेजारी ओल्या दगडावर बसून राहिला.