नाका नसलेली वाट

नगर सोडले तेव्हा उन्हाला नुकता हळदीचा रंग चढत होता. कडा गावाच्या अलीकडे मी बसच्या खिडकीला कपाळ टेकवून बाहेर पाहू लागले. इथेच कुठेतरी निजामाच्या राज्याची हद्द होती, असे आजोबा सांगत. करोडगिरीच्या (जकातीच्या) नाक्यावर बैलगाडीतली पोती उतरवून तपासली जात. मला मात्र सलग बाजरी दिसली, दोन्ही मुलखांत सारखीच वाकलेली.

अंबाजोगाईला उतरले ती सीताफळांच्या गोड, दाट वासात. फळांच्या गाड्यावर रशीदाखाला बसल्या होत्या, आमच्या जुन्या ओळखीच्या; मी त्यांच्याकडेच मुक्कामाला आले होते. शेजारी नेपाळच्या दीपकची नूडल्सची गाडी. दसैंसाठी (त्यांच्या दसऱ्यासाठी) तो दुसऱ्या दिवशी गावी निघणार होता. त्याच्या आईसाठी खाला फळे निवडत होत्या, डोळे मिटलेली. म्हणजे ज्यांच्या खवल्यांमधल्या भेगा अजून उकलल्या नाहीत, अशी.

“ह्या तुझ्या लांबड्या शेवया नको खाऊ घालू तिला,” त्यांनी टोमणा मारला. मग हात थांबला. “तिकडं जायला परवानगी कोन देतंय रे तुला?”

“परवानगी कशाची, खाला? सीमेवर उतरायचं, चालत जायचं. पलीकडे चहा प्यायचा.”

खालांनी हातातले फळ बराच वेळ खाली ठेवले नाही.

त्यांची धाकटी बहीण जुबेदा लग्न होऊन कराचीला गेली, ती आता अंथरुणाला खिळली आहे. भेटीसाठी केलेला व्हिसाचा अर्ज पुन्हा नामंजूर झाला, हे त्यांनी मला फळे पुसता पुसता सांगितले. तेवढ्यात फोन वाजला आणि पडद्यावर एक सुरकुतलेला, हसरा चेहरा उमटला. दोघी मराठीत बोलू लागल्या. लहानपणी माहेरी, चकलांब्याला, शेजारच्या अंगणात खेळताना उचललेली ही बोली कराचीच्या त्या घरात कुणालाच कळत नाही. बहिणींचे गुपित तिच्यातच सुरक्षित राहते. खालांनी एक सीताफळ पडद्यासमोर धरले.

“डोळं उघडलं का?” जुबेदांनी विचारले.

“उघडलं.”

“मग ठिवू नको, खाऊन टाक. अन् तू कावून (का) येत न्हाईस, आपा?”

“वाट बंद हाय, जुबे.”

“कोनी केली? आमाला तर कुनी इचारलं बी न्हाई.”

खालांनी फळ उकलले, थोडा गर तोंडात घातला आणि बहिणीला दिसावा म्हणून सावकाश चघळला. पलीकडे जुबेदांचे ओठही हलत होते.

सकाळी दीपक निघाला. पिशवीवर हात फिरवून खाला एवढेच म्हणाल्या, “तिच्या हातात दे. अन् म्हनावं, एका बहिणीनं दिलंय.” तो वळणाआड गेल्यावरही त्या रस्त्याकडे पाहत राहिल्या.

परतीच्या बसमध्ये धक्क्यांनी माझ्या पिशवीतले एक फळ फुटले. साडीवर ओघळलेला गर पुसताना त्या दोघी आठवल्या. देशांना भीती असते आणि ती नेहमीच खोटी नसते, हे मी जाणते. तरीही शेजाऱ्यासाठी उघडे ठेवलेले दार मला आता दुबळेपणाचे वाटत नाही. ज्या देशातून मुलगा पिशवीभर फळे घेऊन आईकडे चालत जाऊ शकतो, तो देश तेवढाच अधिक मोठा असतो. आणि पिकलेले फळ कुठल्याच शिक्क्याची वाट पाहत नाही.

कड्याच्या पुढे बस चहाला थांबली. निजामाच्या काळी इथे जवळपास नाका होता का, असे मी टपरीवाल्याला विचारले. त्याने गाळणी झटकली, माझ्याकडे आणि मग दोन्ही बाजूंच्या बाजरीकडे पाहिले.

“नाका? हितं?” तो म्हणाला. “कावून?”

त्याला खरेच कळत नव्हते. मी चहाचा कप दोन्ही हातांत धरला.