मीटरच्या पेटीतलं बिऱ्हाड

पडेगावातले आमचे शेजारी काका बोलत नाहीत, भांडतात. दूधवाल्याशी, नळाशी, उन्हाशीसुद्धा. विजेचं बिल पुन्हा अंदाजे आलं, तेव्हा मला ओढत नेऊन त्यांनी वीज कार्यालय डोक्यावर घेतलं.

"मीटर न बघताच आकडा टाकता व्हय?"

खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "काका, रीडिंगवाल्याला पेटी तुम्हीच उघडू देत नाही."

काकांचा आवाज एकदम खाली आला. "आत चिमणीनं घर केलंय, बाई. अंड्यावर बसलीय."

"मग बिल अंदाजेच येणार."

"येऊ द्या. पिल्लं उडेस्तोवर मी बी भांडायला येत राहीन."

घरी परतल्यावर त्यांनी मीटरशेजारचं फाटक इतकं हळू लावलं, की मीसुद्धा चपला हातात घेतल्या.