लाल ठिपका

माजलगावात जुने स्पीकर जोडून देणारा एक माणूस होता. साखर कारखान्याच्या एका साहेबानं विकलेली जोडी मी घेतली, तेव्हा तो घरी आला. वायर लावण्याआधी त्यानं बॅटरीचा सेल टेकवून दोन्ही स्पीकरचे पडदे एकाच बाजूला हलतात का ते पाहिलं. "एक पुढं अन् एक मागं गेला, तर दोघं भांडत्यात. ढोल ऐकूच येत न्हाई." मग घरात चार जागी बसून त्यानं गाणं ऐकलं, चुलीपाशीसुद्धा. "इथं बसणारीनं कावून कमी ऐकायचं?"

वर्ष दुष्काळाचं होतं. दुसऱ्या दिवशी मी आवाज इतका चढवला की टँकरचा हॉर्न गल्लीत कुणालाच ऐकू गेला नाही. एकही घागर दिसेना म्हणून टँकर पुढं निघून गेला. सगळी गल्ली रिकाम्या घागरी घेऊन माझ्या दारात.

संध्याकाळी तो सायकलला पाण्याचे दोन कॅन बांधून आला. "चूक माझी हाय, आवाज कुठवर चढवायचा त्याची निशाणी करायची राहिली," म्हणाला, आणि खिशातून बायकोचं नेलपॉलिश काढून आवाजाच्या बटणाशी लाल ठिपका दिला.

पुढं धरण भरलं, दारात नळ आला. तरी बटण ठिपक्यापाशी पोचलं की माझा कान अजून रस्त्याकडं जातो.