चौथ्या दिवसानंतरचा डाव

मी एकटी पट मांडून खेळते असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग कीव करतात. हसायचं तर खुशाल हसा. कीव मात्र ठेवा तुमच्याजवळ. घरात माणसं नव्हती म्हणून मी एकटी खेळायला लागले असं ज्यांना वाटतं त्यांनी आमचं घाटकोपरचं बिऱ्हाड बघितलेलं नाही. दोन खोल्यांत आठ माणसं होती. एकटेपणा मिळत नव्हता, हीच तर रड होती.

स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली होती तेव्हा मी लग्न होऊन तिथे आले. डोंगराच्या अंगाला बैठी चाळ, पुढे ओटा, मागे पत्र्याची पडवी. माझं माहेर बोरिवलीचं, सासर मूळचं मालवणकडचं. नवरा कचेरीत कारकून, मोठे दीर कारखान्यात, जाऊ, तिची तीन मुलं आणि सासूबाई. सासूबाई पहाटे साडेचारला उठत आणि पाचला मला उठवत. त्यानंतर नळ, चूल, डबे, धुणं, दळण. जेवताना बसायची तेवढीच काय ती मी खाली टेकायची.

आणि महिन्याचे तीन दिवस बाजूला बसायचं. मागच्या पडवीत, घोंगडीवर, आपलं ताट-तांब्या वेगळा घेऊन. कशाला शिवायचं नाही, कुणाला शिवायचं नाही, चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हायचं आणि मग घरात यायचं. ती चाल चांगली होती असं मी मुळीच म्हणणार नाही. कुत्र्याला वाढावं तसं लांबून वाढायचे आम्हाला. माझ्या मुलीला मी एक दिवस बाजूला बसू दिलं नाही, आणि त्यावरून जे रामायण झालं ते झालं. पण खरं सांगायचं तर त्या तीन दिवसांत मला कुणी साधं पाणी मागू शकत नव्हतं. ही सुट्टी माझी मीच ओळखली.

पहिले काही महिने मी नुसती भिंत बघत बसले. शिवण नाही, निवडण नाही, सगळ्यालाच विटाळ. एकदा जावेने चिंच साफ करून चिंचोके पडवीच्या कडेला टाकले. मी चार उचलले आणि फरशीवर घासत बसले. घासता घासता एक बाजू पांढरी होते, दुसरी तपकिरीच राहते. हाताला ती सवय लहानपणापासून होती. कोळशाचा तुकडा सापडला. त्याने फरशीवर पाच घरं आडवी आणि पाच उभी काढली, चार बाजूंच्या मधल्या घरांवर आणि अगदी मधोमध फुल्या मारल्या. झाला पट तयार!

आम्ही त्याला चल्लस-आठ म्हणायचो. चार चिंचोके फेकायचे. जेवढे पांढरे पडतील तेवढं दान. चारही पांढरे तर चार, चारही काळे तर आठ, आणि दोन्हीला पुन्हा फेकायला मिळतं. आपल्या सोंगट्या बाहेरच्या घरांतून फिरवायच्या, दुसऱ्याची एक तरी मारायची, तेव्हाच आत शिरायला मिळतं, आणि मधल्या घरात चारही पोचल्या की जिंकलात. बोरिवलीला मी भावांबरोबर खेळायची. खेळायची म्हणजे काय, अर्धा डाव झाला की आतून हाक यायची, "अगं, पाणी आण," "अगं, धाकट्याला घे." माझ्या सोंगट्या भाऊ खेळायचे आणि मी परत येईपर्यंत मेलेल्या असायच्या. दहाव्या वर्षापासून लग्नापर्यंत मी एकही डाव शेवटपर्यंत खेळलेला मला आठवत नाही.

पडवीत मी चारही बाजू मांडल्या. वाल, खडे, करवंटीचे तुकडे आणि फुटलेल्या बांगड्यांचे तुकडे. चारही बाजूंनी मीच. सकाळी सुरू केला, दुपारी संपला. मधे कुणीही हाक मारली नाही. शेवटची सोंगटी मधल्या घरात ठेवली तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. अगदी मूर्खासारखी रडले मी. त्या आनंदाला दुसरा शब्द नाही माझ्याकडे. दहा-बारा वर्षांनी मी काहीतरी सुरू करून स्वतः संपवलं होतं.

लोक विचारतात, एकटीने खेळून मजा काय, तूच जिंकणार. कोण म्हणतं? बांगड्या माझ्या, बाकीच्या तीन बाजू दुसऱ्यांच्या, असं मी मनाशी ठरवायची आणि लबाडी करायची नाही. दान पडेल तसंच खेळायचं. दानाला माझी भीड नव्हती. मी सडकून हरायची आणि हरले की मला खरा राग यायचा. "मेला खडा!" असं मी मोठ्याने ओरडले तेव्हा जाऊ पळत आली आणि बघून गेली. मग सासूबाई आल्या.

पडवीच्या उंबऱ्याशी त्या उभ्या राहिल्या. "ह्या काय गो? भायर बसलंस काय जत्रेक गेलंस?"

"खेळतेय."

"कोणाबरोबर?"

"एकटीच."

"तुका याड लागला काय? पूस ता!"

"चौथ्या दिवशी पुसते," मी म्हटलं. आणि मला तेव्हाच कळलं की त्यांना काही करता येणार नाही. पट पुसायचा तर माझ्या घोंगडीपर्यंत यायला हवं, आणि आल्या तर भरदुपारी डोक्यावरून न्हायला हवं. स्वतःच्याच सोवळ्यात अडकल्या बिचाऱ्या. त्या तिथूनच बोलत राहिल्या आणि मी पुढचं दान टाकलं. दोन पडलं.

असं वर्षभर चाललं. घरात कुणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं की ही बाई ह्या दिवसांची वाट बघते. खरंच बघायची मी. सत्तावीस दिवस राबायचं आणि तीन दिवस खेळायचं, हा माझा हिशेब होता.

आणि मग मी माती खाल्ली. एका महिन्यात दिवस टळले. तसे ते माझे नेहमीच मागेपुढे व्हायचे. आठ दिवस झाले, दहा झाले. गेल्या खेपेचा डाव डोक्यात होता, हात नुसते शिवशिवत होते. अकराव्या दिवशी सकाळी मी उठले, घोंगडी घेतली आणि म्हटलं, "मला शिवू नका." सरळ खोटं. तीन दिवस मस्त बसले. चार डाव खेळले. जावेने माझ्या वाटणीचं पाणी भरलं, माझ्या वाटणीचं धुणं धुतलं. तिची माफी मी नंतर मागितली, आणि तिने मला चांगले महिनाभर टोमणे मारले ते मी मुकाट ऐकून घेतले. तिचा राग खरा होता.

महिन्याभराने मला कोरड्या ओकाऱ्या सुरू झाल्या. सासूबाईंचा चेहरा असा खुलला की काय सांगू! लग्नाला दोन वर्षं होत आली होती. त्या मला स्वतः घेऊन सूतिकागृहात गेल्या. तिथल्या लेडी डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाल्या, "छान आहे. तिसरा महिना चालू आहे."

सासूबाईंचं हसू तिथल्या तिथे विरलं. "तिसरा? तो कसा? गेल्या महिन्यात ही बाजूला बसली होती. चांगले तीन दिवस."

डॉक्टर गंभीर झाल्या. "किती गेलं? फार गेलं का? पोटात दुखत होतं?" त्यांनी मला परत झोपायला सांगितलं. सासूबाईंनी भिंतीचा आधार घेतला. पुटपुटत होत्या, गावच्या देवाला नारळ बोलत होत्या, आणि अधूनमधून माझ्या पायावरून हात फिरवत होत्या. ती बाई माझ्यासाठी अशी घाबरलेली मी पहिल्यांदाच बघत होते. तेवढ्यापुरती मला खरंच लाज वाटली.

"काही गेलं नाही," मी म्हटलं. "मी खोटी बसले होते."

"म्हणजे?" डॉक्टरांनी विचारलं.

"खेळायला."

डॉक्टरांना हसू आवरेना. सासूबाई हसल्या नाहीत. घरात शिरल्यावर मात्र सुटल्या. "माझो जीव जाऊचो रवलो थय! विटाळाचा खोटा सांगतंस? आता पट नाय नि काय नाय. आता बसूचाच नाय तुका."

बरोबरच होतं. आता बाजूला बसायचं नव्हतं. चाळीत साखर वाटली गेली, बायका येऊन कानशिलावर बोटं मोडून गेल्या, सगळे खूश. आणि मी मोरीशी उभी राहून मोजत होते. सहा-सात महिने हे, मग बाळंतपण, मग अंगावर पिणारं मूल. पडवी गेली म्हणजे पट गेला. आयुष्यभराचा गेला कदाचित. खेळायला मिळावं म्हणून मी अस्पृश्य व्हायची वाट बघत होते, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं, आणि अशी संतापले म्हणून सांगू! कशाला? न्हाऊन-धुऊन, कुंकू लावून, घराच्या मधोमध बसून का नाही खेळायचं मी?

दुसऱ्या दिवशी दुपारची भांडी झाली आणि मी स्वयंपाकघराच्या फरशीवर कोळशाने पट काढला. सासूबाई ओलं फडकं घेऊन आल्या. आता त्यांना कोण अडवणार? पुसला. मी परत काढला. त्यांनी परत पुसला. जाऊ उंबऱ्यात उभी राहून एकदा माझ्याकडे बघे, एकदा त्यांच्याकडे. नवऱ्याने रात्री समजावलं, "कशाला उगाच? मूल झाल्यावर त्याच्याशी खेळ की." मी म्हटलं, "मुलाशी खेळीन तेव्हा मुलाशी खेळीन." सहा दिवस हेच. मी काढायची, त्या पुसायच्या. एकही दान टाकू दिलं नाही त्यांनी.

सातव्या दिवशी गल्लीत टाकीवालीची आरोळी आली. पाट्या-वरवंट्याला टाकी लावणारी बाई, हातात छिन्नी-हातोडी, कडेवर पोर. सासूबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी मागच्या दाराने तिला आत घेतलं, फरशी दाखवली आणि कोळशाने पट काढला. "ह्या रेघांवरून टाकी मार."

"बाई, फरशी मालकाची न्हवं?" ती म्हणाली.

"तू मार. मालकाशी मी बघते."

तिने पोर खाली ठेवलं आणि ठोकायला बसली. आवाज ऐकून सासूबाई आत आल्या तोवर चार रेघा कोरून झाल्या होत्या. "गो, ह्या काय करतंस? गो!" त्या ओरडत होत्या. टाकीवालीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिने हातोडी चालू ठेवली, आणि शेवटी पट निरखून म्हणाली, "बाई, मधल्या घरावर फुली ऱ्हायली की." तीही मारली. मी तिला माझं एक जुनेर आणि दोन भाकऱ्या दिल्या.

सासूबाईंनी फडकं आणलं. घासलं, पाणी ओतून घासलं. कोळसा गेला, रेघा लख्ख उठून दिसायला लागल्या. मी फरशी कोरडी केली, सोंगट्या मांडल्या आणि त्यांच्या डोळ्यांदेखत दान टाकलं.

आठ दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. पंधराव्या दिवशी पाटावर बसून लांबून बघायला लागल्या. महिन्याने जवळ सरकल्या. "वालांचा काय खरा नाय," असं एकदा पुटपुटल्या. आणि एका दुपारी त्यांनी हात पुढे केला. "एक दान मी टाकू काय?"

"नाही," मी म्हटलं.

हात तसाच राहिला त्यांचा. मला दुष्ट म्हणा. पण माझ्या दिवसात तेवढी एकच गोष्ट होती जिच्यात दुसऱ्या कुणाचा हात नव्हता, आणि ती मी कुणालाही देणार नव्हते, प्रेमानेसुद्धा नाही. "माझं झालं की तुम्ही मांडा तुमचा," एवढंच म्हटलं. त्या उठून गेल्या.

सातव्या महिन्यातल्या एका शनिवारी मी सूतिकागृहात दाखवून घरी आले. जाऊ मुलांना घेऊन माहेरी गेली होती. दार लोटलं तर स्वयंपाकघरात सासूबाई पटाशी बसलेल्या. पदर खोचलेला, चारही बाजू मांडलेल्या, समोर कुणीच नाही. चिंचोके फेकले, वाकून बघितले आणि दातओठ खाऊन स्वतःचीच एक सोंगटी मारली. मी आलेय हे त्यांना कळलंच नाही. मी दारातच थांबले.

मागून नवरा आला. शनिवारी कचेरी अर्धा दिवस. चपला काढता काढता त्यांनी हाक मारली, "आई, पाणी दे गं."

सासूबाई दचकल्या. माझ्याकडे बघितलं, पटाकडे बघितलं आणि गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागल्या.

मी पोट पुढे काढून दार अडवलं. "माठ तुमच्या मागेच आहे. हाताने घ्या."

"का? आईला काय झालं?"

"काही झालं नाही," मी म्हटलं. "त्यांचं दान आहे."

अर्धवट उठलेल्या सासूबाई परत खाली बसल्या आणि त्यांनी चिंचोके उचलले.